खाचेतला लेप

नागपूर,
१७ मे

प्रिय बारीक पान्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल ज्या शिव्या द्यायच्या असतील त्या पत्र वाचून झाल्यावर दे, कारण तोवर त्यांत भर पडणार आहे. फोन केला असता, पण तू मध्येच हसला असतास आणि मी विषय बदलला असता. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. माझा रक्तदाब गोळीवर आहे आणि तुझ्या वहिनीचा माझ्यावर.

श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयबाहेरच्या टपरीवर जेवणाच्या सुट्टीत सुरू झालेले आपले ते भांडण संध्याकाळपर्यंत पुरले होते. जिथे रबरी रिंगेसाठी खाच कापलेली आहे तिथे रिंगच बसली पाहिजे, असे तू म्हणत होतास. हातात जोड बुजवणाऱ्या लेपाची, सीलंटची, ट्यूब असताना रिंगेची वाट कोण पाहत बसतो, असे मी. तेव्हापासून तू मला लेपवाला म्हणतोस. ते नाव मी आता मुकाट्याने स्वीकारतो.

धुळवडीच्या दिवशी वाडीच्या एका मालकाचा सिमेंट वाहणारा ट्रक माझ्याकडे उभा होता. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची कोअर, म्हणजे मधला फिरता भाग, नव्या बेअरिंगांसह तयार होती, शाफ्ट बोटाने मऊ फिरत होता आणि कॉम्प्रेसरची हाऊसिंग, म्हणजे हवा दाबणाऱ्या व्हीलवरचे कवच, चढवायची तेवढी राहिली होती. किटमध्ये त्या जोडाची ओ-रिंग निघाली नाही आणि जुनी दाबून दाबून चौकोनी झालेली होती. दुकाने बंद होती, मालक दारात उभा होता. मी कोअरच्या बाजूच्या तबकडीच्या, बॅकप्लेटच्या, खाचेत लाल सिलिकॉन भरले, बोल्ट आवळले आणि तीन तासांत गाडी सोडली. ट्यूबवर चोवीस तास लिहिलेले मी वाचले होते; पण नागपूरचे ऊन आहे, तासाभरात वाळेल, अशी मी माझीच समजूत घातली. हे सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, आणि आपल्याकडे या दिवसांत ओलावा हवा असेल तर कूलरसमोरच बसावे लागते. शिवाय मोकळ्या हवेतसुद्धा ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत घट्ट होत जाते. मी तर ते दोन धातूंच्या मध्ये कोंडून टाकले होते.

गेल्या मंगळवारी तो ट्रक परत आला. भार पडला की शिट्टी, चढावर काळा धूर आणि हाऊसिंगच्या जोडाखाली तेलाचा ओघळ. वाटेत कोणा मिस्त्रीने तेलाचे सील गेले, नवा टर्बो टाका, असे सांगितले होते, आणि मालक पैशांची जुळवाजुळवही करू लागला होता. मी उघडून पाहिले. शाफ्टला खेळ नव्हता, व्हीलच्या पात्यांवर ओरखडा नव्हता. ते तेल इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरमधून हवेबरोबर नेहमीच येणाऱ्या वाफेचे होते. गळत्या जोडातून बाहेर पडून ते धूळ धरून बसले होते. खाचेतले दोन बोटे लांबीचे सिलिकॉन मात्र नाहीसे झाले होते, आणि उरलेल्याची एक लाल शेपटी आतल्या बाजूला लोंबत होती, टोकाशी तुटलेली.

माझी झोप उडाली ती तिथे. तो जोड हवेच्या वाटेत व्हीलच्या पुढे येतो, त्यामुळे तुटका तुकडा पात्यांत न जाता हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जातो आणि तिथल्या अरुंद नळ्यांपाशी अडतो, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. तरी रात्री दोन वाजता डोळ्यांपुढे मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारे ते व्हीलच फिरत राहिले. सकाळी इंटरकूलर उतरवला, डिझेलने धुतला, उलटा धरून हलवला, तेव्हा करंगळीच्या पेराएवढा तुकडा बाहेर पडला. बाकीचा जोडातून बाहेर उडाला असेल. उडालाच असेल, जोड फुटला होता तो बाहेरच्याच बाजूला.

मालकाला मी सांगितले, की टर्बो उत्तम आहे, फक्त जोड गळत होता. यात खोटे काहीच नव्हते. जोड कोणामुळे गळला हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला आणि पोरांसमोर म्हणाला, "भाऊ, तुम्ही माझा नव्या टर्बोचा खर्च वाचवला." मी डबा घेतला. एक तुकडा खाल्लासुद्धा.

तुझे सगळेच बरोबर होते असे मात्र समजू नकोस. काही टर्बोंना ती खाचच नसते, तिथे दोन घासलेल्या पृष्ठभागांमध्ये पातळ लेप द्यावाच लागतो. आणि हवा तुटल्यावर घट्ट होणारा सीलंट वापरला तर आत पिळून निघालेला थर ओलाच राहतो, त्याची रबरी अळी होत नाही. ॲल्युमिनियमवर तो जरा सावकाश धरतो, एवढेच. हे मी त्या टपरीवर बोललो असतो तर जिंकलो असतो, पण तेव्हा मला ते माहीत नव्हते.

या वेळी खाच प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली. पहिल्या दुकानात साधी नायट्राइल रबराची रिंग मिळत होती, ती घेतली नाही. आजच्यासारखी ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती १४० अंशांपुढे तापते आणि नायट्राइल लवकरच कडक होते. तिसऱ्या दुकानात जास्त उष्णता सोसणारी फ्लुओरोकार्बनची मिळाली. तिला तेलाचे बोट लावले, खुणेला खूण जुळवूनच हाऊसिंग सरळ खाली बसवली, कारण बसल्यावर तोंड जुळवायला फिरवली की रिंग पिळवटून कापली जाते. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. मग हवा भरून साबणाचे पाणी मारले. एकही बुडबुडा आला नाही, तरी मी अर्धा तास तिथेच बसून होतो.

चाकणला तुझी पाळी बदलली का? काकूंच्या गुडघ्याचे काय ठरले? धाकटीचा बारावीचा निकाल कळव.

हे पत्र तुला मिळेल तोवर ट्रक रायपूरला पोचलेला असेल. बिल टेबलावर आहे. रिंगेचे पैसे लावले आहेत, मजुरीची ओळ कोरी सोडली आहे. मालक पहाटे पाचला येईल आणि त्या ओळीचे कारण विचारील. डब्यात बर्फीचे चार तुकडे उरले आहेत.

तुझा,
लेपवाला