बाँड असताना नोकरी सोडली, त्याबद्दल

निशी-कासाई, टोकियो

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे लांबलचक पत्र. "सही केली होतीस ना, मग?" असं तू विचारलंस. तू विचारणारच, कारण मला इथे पाठवणाऱ्या पुण्यातल्या फर्मच्या बाँडवर, त्या स्टँप पेपरवर, साक्षीदार म्हणून तुझी सही आहे आणि जामीन म्हणून बाबांची. तुझी काळजी आधी मिटवतो. सही आपल्यासमोर झाली एवढंच साक्षीदाराने सांगायचं असतं, पैशाचं देणं त्याच्या अंगावर येत नाही. बाबांचं वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

नोकरी का सोडली हे तुला बरंचसं माहीत आहे. मुलाखतीत डेव्हलपमेंटचं काम सांगितलं होतं. इथे उतरल्यावर दुसऱ्याच क्लायंटकडे रात्रपाळीला बसवलं, सर्व्हरचे अलार्म बघायला. ओव्हरटाइम होत होता, पण टाइमशीटमध्ये भरू देत नव्हते. सोडतो म्हटल्यावर बुचोंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, फाइलमधून इथल्या कंपनीशी केलेला वेगळा बाँड काढला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांच्या आत सोडल्यास १० लाख येन. खाली माझ्या हांकोचा, म्हणजे सहीऐवजी वापरायच्या नावाच्या मोहरेचा, लाल शिक्का. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "पैसे कधी भरणार तेवढं सांगा." माझ्या बचत खात्यात त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

बाळ्या, त्या कागदातलं ते कलम इथल्या कायद्यापुढे टिकतच नाही. जपानच्या कामगार मानक कायद्याचं १६वं कलम सांगतं की नोकरीचा करार मोडल्याबद्दल दंड किंवा भरपाईची रक्कम मालकाने आधीच ठरवून ठेवायची नाही. ठेवली तर गुन्हा मालकाचा. खरोखर नुकसान झालं असेल तर ते सिद्ध करून मागता येतं, पण आकडा आधी लिहून माणसाला बांधून ठेवता येत नाही. शिवाय ३रं कलम म्हणतं की राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायचा नाही, म्हणजे मी भारतीय असल्याने काही वेगळं होत नाही.

हा कायदा १९४७चा. तो कुठून आला हे मला ओकायाला गेल्यावर जास्त कळलं. नागानो प्रांतात सुवा तलावाकाठचं हे गाव मेइजी काळात (१८६८–१९१२) रेशमाच्या गिरण्यांचं होतं. तिथल्या रेशीम संग्रहालयात आजही एक चालू गिरणी आहे. गरम पाण्यात कोष तरंगत असतात आणि बाई बोटांनी त्यातून धागा उचलते, इतका बारीक की आधी मला तो दिसेचना. त्या काळी शेजारच्या हिदा भागातल्या डोंगरातून कोवळ्या पोरी नोमुगी खिंड पायी ओलांडून या कामाला येत. बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवलेली असे आणि करारात लिहिलेलं असे की मुलगी मध्येच गेली तर दंड. म्हणजे पोरीच पैशापायी अडकवलेल्या. १६वं कलम अशा करारांवरचं उत्तर आहे. ते पाहिल्यापासून माझ्या मनातला संकोच गेला.

मी पळून गेलो नाही, हे तुला मुद्दाम सांगायचंय. मी सेइशाइन, म्हणजे कायम नोकरीतला. नागरी संहितेच्या ६२७व्या कलमाप्रमाणे दोन आठवडे आधी कळवलं की पुरतं. बुचो राजीनामा हातात घेईनात, म्हणून मी तो 'नाइयो शोमेई'ने पाठवला. या टपालात पत्रात काय लिहिलंय याचीच पोस्ट खातं साक्ष देतं. एका ओळीत २० अक्षरं, एका पानावर २६ ओळी, असा नियम आणि तीन प्रती: एक कंपनीला, एक मला, एक पोस्टात. माझं एका ओळीत एक अक्षर जास्त झालं, तर काउंटरवरच्या बाईंनी पट्टी धरून दाखवलं आणि पान पुन्हा लिहायला लावलं. मला त्या बाईंचा फार आधार वाटला.

शेवटच्या पगारातून तिकीट आणि 'प्रशिक्षण' म्हणून मोठी रक्कम कापली. मी पगाराच्या पावत्या घेऊन रोकीत, म्हणजे कामगार निरीक्षण कार्यालयात गेलो. तिथून कंपनीला फोन गेला आणि पैसे जमा झाले. व्हिसा माझ्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. सोडल्यावर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवलं, नवीन ठिकाणी लागल्यावर तसंच पुन्हा.

आता बाबा. पुण्यातल्या फर्मने केलेल्या कागदाला भारतीय कायदा लागू होईल, आणि तिथे सगळं इतकं सरळ नाही. तू पाठवलेली बातमी खरी आहे. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. पण तिथे सरकारी बँकेचा जाहीर भरतीचा खर्च हा मुद्दा होता. आपल्याकडे करार कायद्याचं ७४वं कलम आहे: लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. फर्मने माझ्यावर काय खर्च केला? जपानी मी टिळक रोडच्या क्लासला शिकलो आणि फी आईने भरली. जामीनदाराचं देणंही माझ्या देण्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. जे वाजवी ठरेल ते मी भरीन, बाबांच्या पेन्शनला हात लागू देणार नाही.

दिलेला शब्द पाळावा, हे मलाही पटतं. पण शब्द त्यांनीही दिला होता, कामाचा आणि पगाराचा. आणि तसं नसतं तरी माणसाची तीन वर्षं तारण ठेवून घेण्याचा हक्क कुणालाच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तुझ्याकडे एक काम आहे. बाबा फोनवर "काही नाही रे" म्हणतात, पण आई सांगते की त्यांना झोप लागत नाही. रविवारी घरी जाऊन ये आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. नोटीस आली तर पाकिटासकट जपून ठेवा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय उत्तर देऊ नका. फर्मचं कुणी घरी आलं तर बाबांनी कशावरही सही करायची नाही. माझ्या मूळ मार्कशीट अजून फर्मकडेच आहेत. त्या परत मागणारं पत्र सोबत जोडलंय, ते स्पीड पोस्टाने पाठव आणि पोच मिळाली की मला फोटो टाक.

तुझा,
अन्या