रॉटरडॅमला निघण्याआधी

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी "एक सांगायचंय" म्हणाले आणि आई, तू लगेच "तब्येत बरी आहे ना गं?" विचारलंस. मग माझ्याच्यानं पुढे बोलवेना. म्हणून लिहून कळवते आहे. रॉटरडॅमच्या वाद्यदुरुस्तीच्या वर्कशॉपमधलं काम मी घेतलं आहे. करार दोन वर्षांचा आहे आणि सही करून पाठवली आहे. व्हिसा आला की निघायचं, बहुतेक दिवाळीनंतर. दिवाळी घरीच करणार, हे आधी सांगून टाकते.

बाबा, अकाउंट्सची बरी नोकरी सोडून कानस चालवायला एवढ्या लांब कशाला, हा तुमचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय. मुलाखतीच्या वेळी तिथल्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर एक तानपुरा धरला. पुढच्या फळीला, तबलीला, तारांखालच्या घोडीपासून खालपर्यंत चीर गेलेली, एक खुंटी दुसऱ्याच लाकडाची, आणि वर पट्टीवर लिहिलेलं: मिरज. माझा गळा दाटून आला. तिकडे हिवाळाभर घरं तापवतात, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, जोड सुटतात. चीर बुजवणारे सुतार तिथेही चांगले आहेत, पण घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, काढणारं कोणी सापडत नाही. घोडी नुसती गुळगुळीत करून देतात आणि तानपुरा मुका होतो. हे काम शिकवताना चाचांनी मला कितीतरी महिने घोडीशिवाय कशाला हात लावू दिला नव्हता. एक हात कानशीचा फिरवायचा, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. मग तारेखाली सुती दोरा केसभर सरकवला की स्वर एकदम उघडतो. तो उघडताना मला जे वाटतं, ते महिनाअखेरीला ताळेबंद जुळल्यावर कधी वाटलं नाही. शनिवार-रविवार करून हे काम आता भागत नाही, बाबा. मला रोज करायचंय.

आणि तिथे आपलं गाणं परकं नाही. कोडार्ट्स म्हणून कलांचं विद्यापीठ आहे त्या शहरात, तिथे हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकवतात. हरिप्रसाद चौरसियांनी तिथे वर्षानुवर्षं बासरी शिकवली. शिवाय दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममधून आलेली मंडळी आहेत. त्यांचे पूर्वज 1873 पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून जहाजानं सुरीनामला गेले, आणि पुढे त्यांची मुलं-नातवंडं हॉलंडला आली. घरच्या कार्याला ते अजून पेटी-ढोलक घेऊन बैठकीचं गाणं गातात. त्यांच्या पेट्याही वर्कशॉपमध्ये भाता बदलायला येतात. मिरजेच्या सतारीला, तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तुम्हीच पेढे आणले होते ना बाबा? वाद्यं इतक्या लांब जातात, तर ती सांभाळायला इकडचं कोणीतरी जायला हवं.

आई, जेवणाचं तू मनात आणूच नकोस. त्या सुरीनामी दुकानांत डाळ, कणीक, भेंडी, कारली, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. मेतकूट आणि तुझं काळं तिखट मात्र भरपूर दे. खोली वर्कशॉपच्या बाईंच्या ओळखीतली आहे, वर त्या घरच्या आजी राहतात. थंडीला दोन स्वेटर घेतले, तिसरा तू विणलेला निळा. अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबई थेट विमानानं आठ-नऊ तास. मुंबईहून सांगली गाठायलासुद्धा जवळपास तेवढेच लागतात. काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी दारात असेन. होणार काही नाही, तरी सांगून ठेवते.

रात्री डोळा लागत नाही तेव्हा मला मिरजेच्या दर्ग्यातला उरूस आठवतो. चिंचेखाली सतरंजी, बाबांची मांडी, अंगावर आईची शाल, आणि पहाटे कोणीतरी गात असायचं. जाग आली की मी "संपलं का?" विचारायचे आणि बाबा म्हणायचे, "झोप, अजून भैरवी व्हायचीय." हे वेड तुम्हीच लावलंत, आणि त्याबद्दल मी तुमची कायम ऋणी आहे. 2019 ला गावभागात पाणी शिरलं तेव्हा बाबांनी कपाटाच्या आधी तानपुरा डोक्यावर घेऊन वर नेला. त्यावरून आई किती दिवस बोलत नव्हती, तेही आठवतं.

त्यावरूनच सांगते. यंदापासून आयर्विन पुलाला नदीचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की विश्रामबागला आत्याकडे निघायचं. पंचेचाळीसची वाट बघायची नाही, "नदी आपल्या ओळखीची आहे" हे तर अजिबात चालणार नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाआधी. डबीवर वार लिहून ठेवीन, आणि भडंगावर वरून मीठ घ्यायचं बंद. आई, गुडघ्याचा एक्स-रे मी येईन तेव्हा काढायचाच, वेळ मी घेतली आहे. पाणी भरायला जिना चढायचा नाही, मोटरचं बटण खाली घेणारा इलेक्ट्रिशियन शनिवारी येईल. त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवू नका. दादाला कळवलं आहे, तो दर महिन्याला एकदा बेंगळुरूहून येणार आहे. त्याला रागवू नका, मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

तुम्हाला एकटं टाकून चालले असं मनात येऊ देऊ नका. आलं तर मला बोलून दाखवा, आपापसात कुढत बसू नका. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे असतं. मी कामावर जेवायला बसेन तेव्हा तुमचा संध्याकाळचा चहा चालला असेल, तेव्हाच फोन करीन.

शुक्रवारी रात्री निघते, सकाळी पोचेन. बाबा, स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षानं येईन. घरच्या तानपुऱ्याची जवारी या खेपेला काढून देते, तारा मिरजेहून आणून ठेवा.

तुमची,
छकुली