मुद्देमालाला चारा कोणी घालायचा? : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

जखमी, टाकून दिलेल्या आणि छळातून सोडवलेल्या जनावरांच्या एका निवारा केंद्रात मी देणग्यांचा हिशेब ठेवते. लोक हात आखडता घेतात अशी तक्रार मला करायची नाही. लोक देतात. नव्या करप्रणालीत अशा देणगीवर सवलत मिळत नाही, तरी देतात. अडचण अशी की पोलिसांनी छळाच्या गुन्ह्यात मुद्देमाल, म्हणजे पुरावा, म्हणून जप्त करून आमच्याकडे ठेवलेल्या जनावरांचा जो खर्च कायद्याने आरोपीच्या आणि मालकाच्या माथी मारला आहे, तोही आम्ही याच पैशातून भागवतो.

आधी देणगीची तऱ्हा सांगते. गाडीने उडवलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला की एक्स-रे आणि ऑपरेशनचे पैसे बहुतेक वेळा त्याच दिवशी जमतात. कोणी पगार झाला की न चुकता ठरावीक रक्कम पाठवतं, कोणी जुन्या चादरी आणून देतं, कोणी रद्दी. पिल्लांच्या पिंजऱ्यातला कागद दिवसातून किती वेळा बदलावा लागतो हे ज्याने पाहिलंय, तो रद्दीला नाक मुरडत नाही. पण हा ओघ प्रसंगाला येतो आणि प्रसंग सरला की आटतो. गाडीच्या ड्रायव्हरचा पगार, लसींच्या फ्रिजचं वीजबिल, म्हाताऱ्या गाढवाचा रोजचा चारा यांचे फोटो काढून कोण टाकणार, आणि टाकले तरी कोण थांबून बघणार?

त्यातून मुद्देमालाचं जनावर आलं की हिशेब पारच कोलमडतो.

समजा पोलिसांनी वीटभट्टीवरून एक खेचर सोडवून आणलं. खोगिराखाली हाताचा तळवा मावेल एवढी जखम, त्यात किडे, आणि पुढच्या पायांना बांधलेला नायलॉनचा दोर कातडीत इतका रुतलेला की वरून तो दिसतही नाही. भूल दिल्याशिवाय डॉक्टरांना दोर कापता येत नाही. मग रोज जखम धुवायची, माश्या बसू नयेत म्हणून स्प्रे मारायचा, पट्टी बदलायची. सुरुवातीला माणूस जवळ आला की जनावर थरथरतं. हळूहळू बादलीचा आवाज ओळखायला लागतं. हे सगळं देणग्यांवर होतं आणि ते व्हायलाच हवं, देणगीदाराने पैसे त्यासाठीच दिलेले असतात. पण खेचर बरं झालं तरी आम्ही ते कोणाला सांभाळायला देऊ शकत नाही, कारण कागदोपत्री तो पुरावा आहे. खटल्याच्या तारखा पडत राहतात. जप्त केलेली मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत पडली तरी तिला चारा लागत नाही. खेचराला लागतो. शिवाय ज्या खुट्यावर ते बांधलेलं आहे, तिथे दुसरं जखमी जनावर घेता येत नाही. फोन येतो आणि आम्हाला 'जागा नाही' म्हणावं लागतं.

कायद्याने याची सोय केलेली नाही असं मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ३५ नुसार अशा जनावराची ने-आण, देखभाल आणि उपचार यांचा खर्च मालकाने द्यायचा असतो. मालक गरीब असेल तर दंडाधिकारी त्याला उपचाराचा खर्च माफ करू शकतात, एवढाच अपवाद. पुढे २०१७ मध्ये केंद्राने मुद्देमालातल्या जनावरांसाठी स्वतंत्र नियम केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाने दर वर्षी १ एप्रिलपर्यंत प्रत्येक जिल्ह्यासाठी दिवसाच्या खर्चाचे दर ठरवायचे, दंडाधिकाऱ्यांनी ते किमान दर धरून आरोपीकडून आणि मालकाकडून तीन दिवसांत जामीनदारांसह बंधपत्र, म्हणजे खर्चाच्या रकमेची लेखी हमी, घ्यायचं, आणि ताबा असलेल्या संस्थेने दर पंधरवड्याला झालेला वाजवी खर्च त्यातून उचलायचा. बंधपत्र दिलं नाही तर जनावरावरचा हक्क जातो. याहून स्पष्ट काय लिहायचं?

प्रत्यक्षात पंचनामा होतो, ताबा पावतीवर आमची सही होते आणि विषय संपतो. यंदाचा दर काय, असं आम्ही एका कचेरीत विचारलं, तर उलट आम्हालाच विचारलं गेलं, 'कसला दर?' दर माहीत नाही म्हणून सरकारी वकील मागणी करत नाहीत, मागणी नाही म्हणून आदेश नाही.

दंडाविषयी मी काही मागत नाही, तो केंद्राच्या कायद्यातला आहे. तरी एक आकडा आपल्या नजरेस आणते. जनावराला उपाशी ठेवणं, बेदम मारणं, कुवतीबाहेर ओझं लादणं यासाठी १९६० च्या अधिनियमात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड आहे ५० रुपये. २०२४ मध्ये आपल्याच राज्य सरकारने गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी अनुदान जाहीर केलं, तेही ५० रुपये, पण दर दिवशी दर गाईमागे. म्हणजे एका जनावराला एक दिवस सांभाळायला निदान एवढं लागतं, हे सरकारला मान्य आहे. गाईला मिळतं त्याबद्दल आनंदच आहे. पण गाढव, खेचर, घोडा, कुत्रा यांना रात्री-अपरात्री आमच्या दारात उतरवून जाणारी गाडी सरकारचीच असते, त्यांचं काय?

तेव्हा मागणी साधी आहे. मुद्देमालातल्या जनावरांचे जिल्हावार दर जाहीर करा आणि ते प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रत्येक सरकारी वकिलाच्या टेबलावर पोहोचतील असं बघा. गृह आणि विधी खात्यांशी बोलून, ताबा देतानाच बंधपत्राचा अर्ज दाखल करण्याची सूचना काढा. जिथे आरोपी सापडत नाही किंवा खरोखरच कफल्लक आहे, तिथे खटला निकाली निघेपर्यंतचा चारा राज्याने द्यावा, जनावर कुठल्याही जातीचं असो. नियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. ती जिथे फक्त कागदावर आहे तिथे तिला जागा आणि माणसं द्या. नोंदणीकृत संस्थांची अद्ययावत यादीही खात्याने प्रसिद्ध करावी. हल्ली आमच्याच जखमी जनावरांचे फोटो उचलून, खाली भलताच क्यूआर कोड चिकटवून पैसे गोळा करणारे निघाले आहेत, आणि फसलेला देणगीदार पुन्हा कुठल्याच संस्थेकडे फिरकत नाही.

आमच्याकडून काय, हेही सांगते. मुद्देमालातल्या प्रत्येक जनावराच्या खर्चाची वही वेगळी ठेवलेली आहे: चारा, औषधं, डॉक्टरांची फी, बिलांसकट. खात्याने अधिकारी पाठवावा, वह्या तपासाव्यात. त्याला सोयीचा असेल तो दिवस आम्हाला चालेल.

आपली,
एका निवारा केंद्राची स्वयंसेविका