दंडाची रक्कम वाढली, जनसुनावणी मात्र गेलीच

तेलक्षेत्र (नियमन आणि विकास) कायद्यातील २०२५ची दुरुस्ती म्हणजे तेल कंपन्यांना दिलेली मोकळीक आहे. नियमभंगासाठी १९४८च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड होता. आता कैद गेली आणि दंड २५ लाखांपर्यंत नेला. आकडा मोठा दिसतो, पण समुद्रातील रिगचे (खोदकामाच्या तरत्या-उभ्या यंत्रणेचे) एका दिवसाचे भाडेही सहज त्यापुढे जाते. असा दंड खर्चाच्या खात्यात मुकाट्याने जमा होतो.

त्याआधी, जानेवारी २०२०मध्ये, तेल-वायूच्या शोधासाठीचे खोदकाम पर्यावरण मंजुरीच्या 'ब-२' गटात टाकले गेले. या गटाला ना पर्यावरणीय आघात अहवाल लागतो, ना जनसुनावणी.

त्याच वर्षी २७ मे रोजी आसाममधील बागजानच्या तेल-वायू विहिरीतून वायू बेफाम उसळला. दुरुस्तीचे काम चालू असताना विहिरीत सिमेंटचा बूच बसवला जातो. तो पक्का धरला की नाही, हे दाब देऊन तपासल्याशिवाय तोंडावरची स्फोटरोधक झडप काढायची नसते. ती आधीच निघाली, तर खालून येणारा वायू अडवायला काहीच उरत नाही. ९ जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, शेजारच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळ तळ्यावर तेलाचा तवंग पसरला. विहीर बंद करायला नोव्हेंबर उजाडला.

मुंबई हायचे तेल उरणला उतरते, त्यामुळे हा प्रश्न कोकणातील मच्छीमारांचाही आहे. शोधविहिरींसाठी जनसुनावणी पुन्हा सक्तीची करा आणि भरपाईची रक्कम खोदकामाआधीच अनामत म्हणून घ्या.