बाबनीचा औरंगजेब

डिचोली, गोवा

प्रिय विन्या,

फोन केला तर आमच्या घरात भिंतींआधी बायको ऐकते, म्हणून कागद. बाबनीनेच सांगितलंय, "विन्याला कळव, तिसऱ्याला नको."

त्याला एचआयव्ही निघाला. सीडी-4, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, 200 च्या बरंच खाली.

हातापायांवरचं ते खाजरं पुरळ तू चतुर्थीला बघितलं होतंस. एकाने खरजेचं मलम दिलं, दुसऱ्याने कुळागरातल्या डासांवर ढकललं. डासांचं अगदीच खोटं नव्हतं म्हणे. प्रतिकारशक्ती खचली की साध्या चाव्यालाही कातडी अशी उसळते, असं बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त तपासायचं मात्र कुणालाच सुचलं नाही! मग चेहऱ्यावर फोड आले. साबुदाण्याएवढे, चकचकीत, मधोमध खळगी. एक तर पापणीच्या कडेलाच. मोलस्कम, कातडीचा विषाणूचा आजार. पोरांनाही होतो, पण याच्या दाढीभर झालाय, वस्तऱ्याने पसरतो ना. एक बुरशीचा आजारही हुबेहूब असाच दिसतो, म्हणून तुकडा काढून तपासला. तो नाही निघाला.

गोळ्या सुरू आहेत, फुकट मिळतात. कातडी निवळायला महिने लागतील, सुरुवातीला उलट वाढल्यासारखंही दिसेल. माझा गुडघा तसाच.

खरा घोर जत्रेच्या नाटकाचा. औरंगजेबाची दाढी त्या फोडांवर चिकटवायची कशी? आणि आपला मेकअपवाला म्हणजे एकच स्पंज, बादशहापासून भालदारापर्यंत. एचआयव्ही स्पंजाने जात नाही, मोलस्कम जातो. हे मांडवात समजावायला गेलो तर लोक पहिला शब्दच ऐकणार. 1989 साली एचआयव्ही निघाला म्हणून डॉमिनिक डिसोझाला म्हापशात पोलीस पहाऱ्यात कोंडलं होतं, ते बाबनी अजून विसरलेला नाही. आता कायदा आपल्या बाजूने आहे म्हटलं, तर म्हणतो, "कायदा काय तिठ्यावर बसतो?"

तेव्हा औरंगजेब तू कर. तुझाच होता तो. बाबनीने पळवला म्हणून दोन जत्रा तू फुगून बसलास, माझ्याशीसुद्धा! भाषणं पाठ असतीलच, नाहीतरी तू प्रॉम्प्टरच्या जिवावरच उभा राहायचास. बाबनी म्हणतो, "पडदा ओढीन, पण घरी बसणार नाही."

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

कुणी विचारलंच, तर जुनं भांडण उकरून भूमिका हिसकावलीस म्हणून सांग. तुझ्याबद्दल कुणालाही पटेल.

तुझा,
उल्हास