क्यूआर कोड पुस्तकातच राहतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाईत फॅब्रिकेशनचं काम करतो. पत्र्याच्या शेड, गेट, जिन्याची रेलिंग असलं काम. आयटीआयला वेल्डर ट्रेड केला, पुढे शिकलो नाही. मुलगी मराठी माध्यमात सातवीला आहे. तिच्या अभ्यासाशी माझा संबंध फी आणि वह्यांपुरता होता, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी दारात एक टॅब घेतलेला तरुण आला. दहा मिनिटांत पोरीची परीक्षा घेतली, ‘गणितात कच्ची आहे’ म्हणाला आणि हप्त्यांवर कोर्स गळ्यात मारला. व्हिडिओ सगळे इंग्रजीत. पोरगी चार दिवस बसली, पाचव्या दिवशी टॅबवर कार्टून सुरू. पहिला हप्ता गेला तो गेला. पुढचे थांबवताना जी दमछाक झाली ती सांगत बसत नाही.

नंतर कळलं, की जे पैसे देऊन घेतलं त्याहून बरं फुकट पडलेलं आहे, तेही आपल्या भाषेत. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. ‘दीक्षा’ अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, प्रश्न उघडतात. हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. मला आत्ता, तेही मेडिकल दुकानातल्या पोरानं सांगितलं. पुस्तक शाळेत विसरलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ फुकट उतरवता येते. आमच्याकडे हे महिन्यातून दोनदा तरी लागतं.

सगळेच व्हिडिओ चांगले आहेत असं नाही. काहींमध्ये बाई फळ्यावरचं नुसतं वाचून दाखवतात. तसला लागला की आम्ही सरळ पुढे जातो.

खरी गंमत झाली ती अरविंद गुप्तांच्या व्हिडिओमुळे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे हे गृहस्थ. त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत. एकात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार करतात. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, गूल घासून टाकलेल्या काड्या घेतल्या आणि बसलो दोघं. चौकोन केला तर दाबल्यावर तिरका होतो. त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. पोरगी म्हणाली, “बाबा, असं का?” आणि मला एकदम उत्तर येत होतं! तिला शेडवर नेलं, वर बोट दाखवलं. कैचीत, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यात, सगळे त्रिकोणच असतात. आडवी पट्टी, उभी पट्टी आणि मधे तिरका लोखंडी अँगल. तो तिरका अँगल काढला तर सगळं डुलायला लागतं. वीस वर्षं मी हे जोडतोय, पण हे भूमितीतलं आहे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं गणितातल्या त्रिकोणाच्या रचना कंपास घेऊन आपणहून काढल्या.

दुसरी गोष्ट आमच्या गावचीच. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, त्यांचं नाव ऐकत मोठा झालो, पण कोश उघडला तो आत्ता, मोबाइलवर. वीसही खंड फुकट वाचता येतात. पोरीनं माझा धंदा शोधून काढला : ‘वितळजोडकाम’, म्हणजे वेल्डिंग. आता घरात मला त्याच नावानं चिडवतात. भाषा अवघड आहे, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं. तरी तिची माहिती लिहायची सवय सुधारली, नुसतं उतरवून काढणं कमी झालं.

घरात मोबाइल एकच, आणि त्यावर गिऱ्हाइकांचे फोन. म्हणून व्हिडिओ मीच आधी पाहतो, उतरवून ठेवतो आणि रात्री आठनंतर नेट बंद करून मोबाइल तिच्या हातात देतो. नेट चालू राहिलं की अभ्यासाचं रील व्हायला वेळ लागत नाही. शेजारी बसतोच. समजलं नाही तर “मलाही कळलं नाही, परत लाव” म्हणतो. यात लाज वाटायचं कारण नाही, हे मला उशिरा कळलं.

आता तक्रार. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठाचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. क्यूआर कोड कसा उघडायचा, हे तीन वर्षांत एकदाही आलेलं नाही. शिक्षकांवर आधीच कामांचं ओझं आहे, ते दिसतं. पण पालकसभेत तासभर उपस्थितीवर भाषण होतं, त्यातली वीस मिनिटं काढून एक धडा सगळ्यांसमोर मोबाइलवर उघडून दाखवावा. बऱ्याच आया मागच्या बाकावर गप्प बसलेल्या असतात. मोबाइल त्यांच्या हातातही असतो, फक्त कुठे दाबायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

शाळांनी हे मनावर घेतलं, तर सगळ्यांना दिसेल असा मोबाइल उभा ठेवायला लोखंडी स्टँड मी जोडून देईन. मजुरी घेणार नाही.

आपला,
एक पालक, वाई (जि. सातारा)