बोटींचे फोटो काढून करतेस काय?

हॅम्बुर्ग,
रविवार, १२ एप्रिल २०२६

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या बोटींचे फोटो काढून करतेस काय?" मी काहीतरी बोलले आणि तेवढ्यात आईने फोन घेतला. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात आहे. असलं फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. पाकिटात तीन फोटो आहेत. ते आधी काढून बघू नका, पत्राबरोबर बघा.

उरणच्या मोऱ्याहून मुंबईला भाऊच्या धक्क्याला आपल्या लाँचने जाताना तुम्ही मला सुकाणूजवळ बसवायचात आणि नांगरलेल्या बोटी दाखवायचात. ही तेलाची, पाण्यात किती खोल बसलीय बघ. ती रिकामी, पोटाचा लाल रंग वर आलाय. ती क्रेनवाली, तिला धक्क्यावरची क्रेन लागत नाही, स्वतःचा माल स्वतः उतरवते. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. इथे नदीकाठी पहिल्यांदा उभी राहिले आणि समोरून बोट आली, तेव्हा माझी नजर आपोआप तिच्या पाण्याच्या रेषेवर गेली. नाव, रंग, झेंडा सगळं नंतर दिसलं. शेजारी एक आजोबा वही घेऊन बसले होते. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेत. ते तिचं नाव टिपून घेत होते, आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांना म्हणाले, "अर्धी रिकामी आहे." तिथून ओळख झाली.

हॅम्बुर्ग समुद्रावर नाही हे तुम्हाला खरंच वाटत नव्हतं ना? एल्ब नदीतून शंभर किलोमीटरहून जास्त आत यावं लागतं. तरीही भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत पोचते आणि दोन्हींत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे आपल्याकडच्या उधाणाएवढं नाही, पण फार कमीही नाही. ४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद बोटी या नदीतून वर येतात. सगळ्यांत मोठ्यांवर वीस फुटी मापाने २४ हजारांच्या आसपास कंटेनर मावतात. त्यांतल्या खोल बसलेल्या बोटींना भरती धरूनच यावं लागतं. समुद्राकडून भरती नदीत शिरते आणि बोट तिच्यासोबत वर चढत येते. मोऱ्याला ओहोटीच्या गाळात लाँच अडकू नये म्हणून तुम्ही ज्या हिशेबाने निघायचात, तोच हिशेब इथे लाखभर टनांच्या बोटीला लावतात.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तुमचं गणित मी इथेही लावून पाहिलं. जमलं नाही. नदीच्या तोंडाशी असलेल्या कुक्सहाफेनला भरती आल्यानंतर ती इथवर पोचायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे वेळ सरकते. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यांत लहान भरती, हे इथेही तसंच. रात्रपाळी संपवून रुग्णालयाबाहेर पडले की मी आधी भरतीचं वेळापत्रक बघते आणि मग मोबाइलवर बोटी कुठवर आल्यात ते. नदीकाठच्या वेडेल गावाजवळ बोटींची वाट ३८५ मीटर रुंद केलीय, कारण दोन मोठ्या बोटी समोरासमोर आल्या तर नदीत एकमेकींना ओलांडायला जागा नव्हती. तिथे दोघी एकमेकींशेजारून जातात तेव्हा पलीकडचा काठ काही वेळ दिसेनासा होतो.

आता पहिला फोटो काढा. हा मी लुए नावाच्या धक्क्यावरून काढलाय, नदीच्या दक्षिण काठावरून. सुरुवातीला मी उत्तर काठावर उभी राहायचे. तिकडे वाळू आहे, चहा मिळतो, पण दिवसातला बराच वेळ सूर्य समोर असतो आणि बोट काळी पडते. दक्षिण काठावर सूर्य पाठीशी राहतो. वेडेलहून छोटी फेरी मिळते, अगदी आपल्या करंजा-रेवससारखी. मागे सफरचंदांच्या बागा आहेत, आठ-पंधरा दिवसांत फुलतील. फोटोत बोटीच्या नाळेपाशी पाणी कसं फुगलंय बघा. नाळ पाण्याखाली नाकासारखी पुढे आलेली असते, तिचा हा फुगवटा. हा एक क्षण धरायला मला दोन हिवाळे लागले. उन्हाळ्यात दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून कंटेनरच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. थंडीत हवा स्वच्छ असते, पण बोटं हातमोज्यातही बधिर होतात. तरीही मी थंडीच निवडते.

एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी उत्तर काठावरच्या व्हिटेनबेर्गेनच्या वाळूत मी पिशवी ठेवून फोटो काढत होते. मोठी बोट गेली. लाट आली नाही, उलट पाणी काठापासून मागे ओढलं गेलं, पाच-सहा पावलं ओली वाळू उघडी पडली. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी तिथेच फोटो काढत राहिले. मग ते पाणी परत आलं. पिशवी, एक लेन्स, डबा, सगळं भिजलं आणि मी गुडघ्यापर्यंत थंडगार पाण्यात. काठावर पाट्या लावलेल्या आहेत, मी वाचल्या नव्हत्या. पाणी मागे गेलं की आपणही मागे व्हायचं, हे तुमच्यासारख्या तांडेलाच्या, लाँच चालवणाऱ्याच्या, मुलीला कुणी शिकवायला नको होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

प्रत्येक मोठ्या बोटीला सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक, असतो. १९८७ मध्ये ही पद्धत आली आणि १९९६ पासून सक्तीची झाली. बोट विकली, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी नंबर तोच राहतो, थेट तोडायला नेईपर्यंत. ताईच्या मुलाला एक गंमत सांगा. शेवटचा आकडा बाकीच्या सहांवरून निघतो. ९०७४७२९ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. येते १३९. तिचा शेवटचा आकडा ९, तोच नंबराचाही शेवटचा आकडा. त्याला वहीत करून बघू दे.

त्या आजोबांच्या वह्यांत असे नंबर आहेत, वर्षानुवर्षांचे. एखादी बोट गुजरातेत अलंगला तोडायला गेली की ते त्या ओळीवर रेघ मारत नाहीत, बाजूला फक्त तारीख लिहितात. ते बघताना मला तुमच्या लाँचची आठवण झाली, बाबा. तुम्ही तीस वर्षं ती चालवलीत. त्यावर आपलं घर चाललं, ताईचं लग्न झालं, माझं नर्सिंग झालं. आणि आपल्याकडे तिचा एकसुद्धा फोटो नाही. मी सगळे अल्बम काढून पाहिलेत. लग्नाचे आहेत, बारशाचे आहेत, नारळीपौर्णिमेला काढलेल्या एका फोटोत मागे तिची शिडी दिसते, तेवढीच. ती विकली तेव्हा मी बारावीत होते आणि कुठे गेली हेही विचारलं नाही. म्हणून मी फोटो काढते. या बोटी कुणाच्या तरी आहेत. वर डेकवर कधीकधी एखादा खलाशी दिसतो, मी हात हलवते, तोही हलवतो.

दुसरा फोटो विमानाचा आहे. नदीच्या काठालाच फिंकनवेर्डर आहे, तिथे एअरबसचा कारखाना. त्यांची स्वतःची धावपट्टी आहे, तीन किलोमीटरहून जास्त लांब, आणि तिचं एक टोक थेट नदीला लागतं. वारा नैर्ऋत्येचा असला की विमान नदी ओलांडून उतरतं. टॉयफेल्सब्र्यूकच्या धक्क्यावर उभं राहिलं की ते डोक्यावरूनच जातं. हे निळं शेपूट ओळखलंत ना? इंडिगोचं ए३२१. नवीन विमान चाचणीला उडतं तेव्हा रंग इंडिगोचा असतो, पण अंगावरची अक्षरं जर्मन, डी पासून सुरू होणारी. ताब्यात दिल्यावर ती पुसून व्हीटीने सुरू होणारी आपली अक्षरं येतात. त्यालाही कारखान्याचा एक कायमचा क्रमांक असतो, तो मी फोटोमागे लिहिलाय. आता आपल्याजवळ उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झालाय, तिकडे उतरणारं एखादं निळं विमान आधी माझ्यासमोर नदीवरून उतरलेलं असू शकतं. तुम्ही म्हणालात की आवाजाने झोप लागत नाही. ते ऐकून मला वाईट वाटलं, आणि तरीही हे लिहावंसं वाटतंय.

बेलुगा विमानाचा फोटो पुढच्या वेळी पाठवीन. विमानांचे सुटे भाग कारखान्यांमधून ने-आण करणारं विमान. कपाळ फुगलेलं, पुढे डोळे आणि हसरं तोंड रंगवलेलं. लहान मुलं काठावर टाळ्या वाजवतात.

हा कारखाना वाढवताना, २००० नंतरच्या काही वर्षांत, नदीतल्या खाजणाचा मोठा तुकडा भरून काढला. म्युलेनबेर्गर लॉख म्हणतात त्याला. ओहोटीला चिखल उघडा पडतो, हजारो बदकं येतात. तेव्हा लोक भांडले, कोर्टात गेले, पण भराव झाला. ते वाचल्यावर मला न्हावा-शेव्याचं खाजण आठवलं, तिथली चिखलातली निवटी मासळी, आजी टोपलीत घेऊन यायची ती. जमिनीसाठी १९८४ मध्ये उरणजवळ जासईला पोलिसांच्या गोळ्या खाल्लेली माणसं आठवली. मी ज्या जागेवर उभी राहून आनंदाने फोटो काढते, तिच्याखाली कुणाचा तरी चिखल आहे. फोटो काढणं मी थांबवलं नाही. पण भरावाकडच्या उरलेल्या चिखलाचेही फोटो काढते, बदकांसकट.

वेडेलला एक जागा आहे, विल्कॉम-ह्योफ्ट. १९५२ पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या बोटींना सलामी देतात. ध्वनिक्षेपकावर बोटीच्या देशाचं राष्ट्रगीत लागतं आणि हॅम्बुर्गचा झेंडा खाली-वर करतात. बोटीचा देश म्हणजे जिथे नोंदणी झाली तो, म्हणून पनामा आणि लायबेरियाची गीतं मला आता पाठ व्हायला आलीत. डेकवर मात्र आपली पोरं असतात. जन गण मन मी तिथे अजून ऐकलेलं नाही. ज्या दिवशी ऐकेन त्या दिवशी फोन करीन, तुमच्याकडे रात्र असली तरी.

आता तिसरा फोटो. ही बोट मंगळवारी इथून निघाली. मध्ये बंदरं घेत घेत ती न्हावा-शेव्याला येणार आहे. नाव आणि नंबर मागे लिहिलाय. दिवस जवळ आला की मी फोन करीन. तुम्ही पीरवाडीच्या किनाऱ्यावर जा, ताईच्या मुलाला घेऊन जा. फोटो काढायचा नाही, नौदलाचा डेपो आहे, उगाच कुणी हटकायला नको. तुम्ही फक्त बघा. इथून जाताना ती भरलेली होती, लाल पट्टा जेमतेम हातभर दिसत होता. तिकडे किती दिसतो ते मला सांगा.

आईला सांगा, सुका जवळा मिळाला, पाकीट फुटलं नव्हतं.

तुमची धाकटी